पहाटे सहाची सभा

उत्तर अमेरिका खंडात संस्थेच्या घटनेशी शेवटच्या उपकलमापर्यंत प्रामाणिक राहिलेला एकच मनुष्य मला आजवर भेटला, आणि तो मराठी नसून इटालियन निघाला, याचा संताप मला आजही आवरत नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. पेशाने मी स्थापत्य अभियंता. नागपूरला नोकरी करता करता सकाळच्या वर्गांना बसून कायद्याची पदवी घेतली, आणि कॅनडात आल्यावर उभी हयात पुलांच्या कंत्राटांतील अटी वाचण्यात घालवली. त्यामुळे अटी न वाचता सह्या करणारी माणसे आणि घटना न वाचता संस्था चालवणारी माणसे मी पुरेशी पाहिली आहेत. आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेस गणसंख्या पूर्ण नसते, ही बाब मी अकरा वर्षे ओळीने लेखी निदर्शनास आणून दिली. नऊ पत्रे अनुत्तरित राहिली. दहाव्याचे उत्तर ईमेलने आले. त्यात ‘काका, नोटेड’ एवढे दोन शब्द आणि एक हसणारा पिवळा चेहरा होता. अकराव्या वर्षी मी सभेतच उभा राहिलो, तेव्हा माझ्या मुलीच्या वयाचे अध्यक्ष माईकवरून म्हणाले, “काका, जाऊ द्या ना, सगळी आपलीच माणसं आहेत. वडे गार होतायत.” सभेने हा ठराव एकमताने मान्य केला आणि ती वड्यांकडे गेली. त्या दिवशी मी मंडळाचा राजीनामा दिला. तो अजून स्वीकारला गेलेला नाही, कारण तो स्वीकारण्यासाठी लागणाऱ्या बैठकीस गणसंख्या पूर्ण झालेली नाही.

हा इटालियन म्हणजे आमचे शेजारी, आणि त्यांच्याशी माझी ओळखही पत्रानेच झाली. नॉर्थ यॉर्कमधल्या ज्या गल्लीत मी निवृत्तीनंतर घर घेतले, तिथे त्यांच्या आणि आमच्या परसाच्या मध्ये एक लाकडी कुंपण होते आणि ते पहिल्याच हिवाळ्यात बर्फाच्या भाराने आमच्या बाजूला कलले. मी चार परिच्छेदांचे, क्रमांक घातलेले पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले. बायको म्हणाली, “अहो, माणूस खिडकीतून दिसतोय. हाक मारा ना.” मी म्हणालो की हाकेचा पुरावा राहत नाही. तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. कोट, टाय आणि पायांत बर्फाचे बूट अशा वेषात एक ठेंगणे, रुंद खांद्यांचे गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या हातात माझे पत्र होते. त्या पत्राच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी निळ्या शाईने आवक क्रमांक घातला होता. सोबत त्यांचे उत्तर होते, आणि त्यावर जावक क्रमांक होता. माझ्या चारही परिच्छेदांना त्यांनी त्याच क्रमांकांनी उत्तर दिले होते: पहिला मान्य, दुसरा मान्य, तिसरा अंशतः मान्य, चौथ्याबाबत प्रत्यक्ष पाहणीनंतर निर्णय. माझ्या आयुष्यात मला आलेले ते सर्वांत सुंदर पत्र होते, आणि त्या वाक्यावर बायको अजून रुसते. रविवारी फोनवर मुलीला सगळे सांगितले, तर ती म्हणाली, “बाबा, यू फाउंड युअर पर्सन.”

ते इटलीच्या एका डोंगरी गावातून विशीच्या आत इकडे आले आणि चाळीस वर्षे त्यांनी मोझाईकच्या लाद्या बसवल्या. या शहरातल्या अर्ध्या इस्पितळांच्या आणि शाळांच्या जमिनी गुडघ्यांवर बसून आपणच घासल्या आहेत, असे ते सांगत, आणि त्यांचे गुडघे पाहता ते खरे असावे. परंतु लादी हा त्यांचा केवळ चरितार्थ होता. त्यांचा खरा व्यवसाय अध्यक्षपद हा होता. त्यांच्या गावातून इकडे आलेल्या लोकांचा एक क्लब होता. स्वतःच्या मालकीची दुमजली इमारत, वर सभागृह, खाली तळघरात पत्त्यांची टेबले आणि इटालियन गोट्यांचा, म्हणजे बोच्चेचा, लांबट पट्टा. सभासद एकशे सव्वीस. त्यांचा कारभार पाहण्यासाठी सात जणांचे कार्यकारी मंडळ, तीन लेखातपासनीस आणि शिवाय ‘प्रोबिविरी’ नावाचे तीन वयोवृद्ध सज्जन. सभासदांत किंवा सभासद आणि कार्यकारी मंडळ यांच्यात तंटा झाला तर तो या तिघांपुढे जायचा. आमच्याकडे असे तंटे पार्किंगमध्ये मिटतात किंवा मिटत नाहीत. तिकडे मी डोळ्यांनी पाहिले की बोच्चेच्या खेळात एका मेहुण्याने दुसऱ्याची गोटी बुटाच्या टोकाने सरकवली की ती आपसूक सरकली, या प्रश्नावर तीन सज्जनांनी दोन बैठका घेतल्या, पट्ट्याचा उतार पाणसळ लावून तपासला आणि चार पानी लेखी निवाडा दिला. निवाडा ऐकून दोघे मेहुणे गळ्यात गळा घालून रडले, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनीही त्याविरुद्ध अपील केले.

लोक एकमेकांच्या घरी गेल्यावर लग्नाचे आल्बम पाहायला मागतात. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा क्लबची घटना पाहायला मागितली. ‘स्तातूतो’ म्हणतात ते तिला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो प्रकाश पडला, तो त्यांच्या पत्नीने पुढ्यात ठेवलेल्या ताज्या पास्त्याने कधी पडलेला मी पाहिला नाही. दुपारभर ते इटालियनमधून वाचत आणि इंग्रजीत सांगत गेले, आणि मी टिपणे घेत गेलो. संध्याकाळी त्यांनी विचारले, “इंजेन्येरे, सहयोगी सभासद होता का?” इंजिनिअरला त्यांच्याकडे असे नावाऐवजी पदाने हाक मारण्याची रीत आहे. या देशात मला ‘काका’, ‘अंकल’ आणि ‘हे यू’ यांव्यतिरिक्त काही म्हणणारा तो पहिला मनुष्य. सहयोगी सभासदाला बोलण्याचा अधिकार असतो, मतदानाचा नसतो, हे त्यांनी लगेच स्पष्ट केले. माझ्या अर्जाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, आणि हरकतींसाठी तो तीस दिवस फलकावर लागला. एक हरकत आली. ती त्यांच्या सर्वांत जुन्या मित्राची होती. दोघे एकाच बोटीने आले, एकाच टोळीत लाद्या बसवल्या. आपण त्यांना ‘जोडीदार’ म्हणू. अर्जदार वाइन घेत नाही, सबब त्याचा भरवसा काय, अशी हरकत. कार्यकारी मंडळाने ती नोंदवली, तिच्यावर चर्चा केली आणि चार विरुद्ध तीन मतांनी फेटाळली. म्हणजे मी एका मताने आत आलो. जोडीदार पुढे मला ‘न पिणारा वकील’ म्हणू लागले आणि पत्त्यांत भागीदार म्हणून घेऊ लागले. त्यांच्या मते माझ्या पेल्यातली वाइन ही त्या भागीदारीची मुख्य मिळकत होती.

आमच्या शेजाऱ्यांच्या अंगी अध्यक्षपद इतके मुरले होते की ते कोटाबरोबर काढून ठेवता येत नसे. विषयपत्रिकेवर नसलेल्या विषयावर ते बोलत नसत, आणि हे केवळ सभेपुरते नव्हते. एकदा आम्ही दोघे आपापल्या ड्राइव्हवेवर बर्फ शोव्हल करीत होतो. मी सहज विचारले, “वसंतात तुमच्या पन्हळीचं पाणी आमच्या बेसमेंटच्या भिंतीकडे येतं, त्याचं काय करायचं?” ते थांबले, फावड्यावर रेलले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले की आज आपला विषय बर्फ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते शिडी घेऊन आले आणि म्हणाले, “विषय पहिला, पन्हळ.” त्यांच्या घरात ‘आयत्या वेळचे विषय’ हे सदर फक्त पत्नीसाठी राखून ठेवलेले होते आणि ती ते सढळ हाताने वापरत असे.

परंतु ज्या गोष्टीने मी खरोखर गप्प झालो, ती क्लबच्या वार्षिक भोजनाच्या दिवशी पाहिली. आमच्याकडे कार्यकारिणी म्हणजे काय, हे मी सांगण्याची गरज नाही: छातीवर बिल्ला, पहिली रांग, आणि जेवणाच्या वेळी ‘कमिटीची पंगत आत बसली आहे’ हा निरोप. तिकडे कार्यकारी मंडळाचे सातही जण, अध्यक्षांसह, कमरेला पांढरे ॲप्रन बांधून वाढत होते. सव्वाशे माणसांची पाने त्यांनी वाढली, उचलली आणि विसळली, आणि सगळे उठून गेल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने उरलेले खाल्ले. घटनेत असे कलम नव्हते, मी शोधले. विचारले, तेव्हा आमचे शेजारी ताट पुसत म्हणाले, “निवडून दिलंय ना त्यांनी. मग वाढायचं कोणी?” मी त्या दिवशी आमच्या मंडळाला बारावे पत्र लिहिले, राजीनामा स्वीकारला नसल्याने तो अधिकार मला होता.

आता त्या सभेविषयी. इटालियन संस्थांत सर्वसाधारण सभा एकाच सूचनेने दोनदा बोलावण्याची पद्धत आहे. पहिल्या वेळेस निम्म्याहून अधिक सभासद हजर असले पाहिजेत. तेवढे नसतील तर त्याच दिवशी दुसऱ्या वेळेस सभा भरते आणि तिला जितके येतील तितके पुरतात. म्हणून पहिली वेळ मुद्दाम अशी ठेवायची की शहाणा मनुष्य तिकडे फिरकणार नाही. या क्लबची पहिली वेळ रविवारी पहाटे सहा, दुसरी दुपारी दोन. मला हे समजले तेव्हा मी खवळलो. कायद्याच्या डोळ्यांत इतक्या उघडपणे धूळ फेकणारी तरतूद मी माझ्या देशात सुद्धा पाहिली नव्हती, आणि तसे मी त्यांना लेखी कळवले. उत्तरात त्यांनी एवढेच लिहिले की तरतुदीचे पालन कसे होते, हे पाहण्यास यावे. मार्चमधल्या त्या रविवारी मी साडेपाचला उठून गेलो. अंधार होता, थंडी उणे अकरा. इमारतीचे दार उघडे, दिवे लागलेले, आणि वरच्या सभागृहात सव्वाशे खुर्च्यांसमोर टाय लावून आमचे शेजारी एकटे बसलेले, पुढ्यात हजेरीपट. सात वाजेपर्यंत ते तसेच बसून राहिले. सातला त्यांनी लिहिले, ‘हजर सभासद एक, सहयोगी एक, गणसंख्या अपूर्ण,’ सही केली आणि मग थर्मासमधली कॉफी काढली. अध्यक्ष झाल्यापासून एकवीस वर्षे ते असे बसत होते. मी म्हणालो, कोणी येणार नाही हे तुम्हाला माहीत असते, मग घरी बसून लिहिले तर काय बिघडेल? ते म्हणाले, “मी लोकांना सहाला बोलावलंय. एखादा आला आणि दार बंद असलं तर?” एकवीस वर्षांत कोणी आले होते का, असे मी विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून सांगितले की एकदा एक जण आला होता. तो बायकोशी भांडून घराबाहेर पडला होता आणि त्या वेळी दुसरे काहीच उघडे नव्हते.

इमारत विकण्याचा विषय दोन हजार सतराच्या हिवाळ्यात निघाला. आजूबाजूची बैठी दुकाने पाडून काँडोचे, म्हणजे सदनिकांचे, मनोरे उभे राहत होते, आणि एका बिल्डरला आमचा कोपरा हवा होता. क्लबच्या उपाध्यक्ष म्हणजे एक पस्तिशीतली दातांची डॉक्टर. हुशार, कष्टाळू मुलगी, गावाकडची बोली आजीकडून शिकलेली. तिचे म्हणणे असे की ही इमारत म्हणजे नुसता जिना आहे. वर जायला जिना, खाली जायला जिना, आणि सभासदांचे सरासरी गुडघे सत्तर वर्षांचे. ती विकून एका वृद्धनिवासाला लागून तळमजल्यावर दोन मोठ्या खोल्या घ्याव्यात. कार्यकारी मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी हा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे ठरवले. आमचे शेजारी तिघांत होते. त्या सभागृहाची लादी त्यांनी आणि जोडीदारांनी दोघांनी मिळून, दिवसभराचे काम संपल्यावर, दोन हिवाळ्यांत बसवली होती. त्यांच्या मुलीचे लग्न त्याच लादीवर झाले आणि भावाची शोकसभाही तिथेच भरली. तरीही प्रस्तावाची सूचना त्यांनी स्वतः लिहिली, प्रतिस्पर्ध्याची कारणे आपल्यापेक्षा जास्त सुबक शब्दांत मांडली, सही केली आणि स्वतःच्या हाताने फलकावर लावली. त्यांची पत्नी आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. हा मनुष्य झोपत नाही, इमारत गेली तर हा जगणार नाही, असे ती माझ्या बायकोला सांगत होती. बायकोने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “एवढी घटना वाचता तुम्ही. त्यात काही सापडत नाही का?”

सापडले होते. दुपारी दोनच्या सभेला नेहमी पन्नास-साठ माणसे येत, बहुतेक नोकरीधंद्यातली, तरणी. तीच विक्रीच्या बाजूची. म्हातारे त्या वेळी झोपलेले असत. अध्यक्ष आहेत ना, ते बघतील, असा त्यांचा पिढीजात हिशेब. पण हेच म्हातारे पहाटे चारला उठतात. पंचाहत्तरीच्या वरचे सभासद मी यादीतून मोजले: एकाहत्तर. गणसंख्या चौसष्ट. ते सगळे जर सहाला आले, तर बावीस वर्षांत प्रथमच पहिल्या वेळेची सभा भरेल, सव्वासहाला मतदान होईल, साडेसहाला प्रस्ताव पडेल, आणि दुपारी दोनच्या सभेचे कारणच उरणार नाही. एकही कलम मोडावे लागत नव्हते. मी शेजाऱ्यांना हे कुंपणापाशी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले की आज आपला विषय कुंपण आहे. यात मनाई कुठेही नव्हती. मी एकाहत्तर पत्रांचा मजकूर मोठ्या टायपात तयार केला, त्यांच्या पत्नीने तो इटालियनमध्ये उतरवला, आणि आम्ही दोघांनी मिळून ती पोस्टात टाकली. गुप्ततेची सर्व काळजी मी घेतली होती. एकच गोष्ट राहिली, आणि आयुष्यभर इतरांच्या चुका काढलेल्या माणसाला ती सांगणे जड जाते: पंचाहत्तरीच्या वरच्या प्रत्येक सभासदाला पत्र गेले होते, आणि आमचे शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

रविवारी साडेपाचला पार्किंगमध्ये जागा नव्हती. काठ्या, वॉकर, लोकरी टोप्या आणि तोंडांच्या वाफा. माझी छाती अभिमानाने भरून आली, हे मी लपवत नाही. आमचे शेजारी आपल्या वेळेला आले, एकेकाशी हस्तांदोलन करीत दारापर्यंत गेले, कुलूप उघडले आणि माझ्यापाशी थांबून हलक्या आवाजात म्हणाले, “पत्र उत्तम होतं, इंजेन्येरे. आवक क्रमांक घातलाय.” वर गेल्यावर त्यांनी माणसे दोनदा मोजली. अडुसष्ट. गणसंख्या पूर्ण झाल्याचे त्यांनी जाहीर केले तेव्हा टाळ्या पडल्या. मग ते उभे राहिले आणि म्हणाले की सभा कायदेशीर सुरू झाली आहे आणि अध्यक्षाच्या अधिकारात मी ती दुपारी दोनपर्यंत तहकूब करतो. ते इटालियनमध्ये बोलले. जोडीदारांनी शेजारच्या खुर्चीवरून मला ते इंग्रजीत सांगितले, नंतर इतिवृत्तातही ते मी पाहिले.

“सूचनेत सहा लिहिलंय,” ते म्हणाले, “पण बावीस वर्षं मी स्वतः लोकांना सांगत आलो, दोनला या. सूचना कोणी वाचत नाही, माझ्यावर विसंबतात. त्यांच्या विसंबण्याचा फायदा घेऊन मी त्यांच्याआधी मत घेणार नाही.”

मी हरकतीचा मुद्दा उपस्थित केला. त्यांनी कलम वाचून दाखवले: सहयोगी सभासदास बोलता येते, हरकत घेता येत नाही. जोडीदार म्हणाले, “बस, वकीलसाहेब. तुझ्या वाटणीची वाइन तरी पिऊ दे.”

मग आठ तास काय करायचे? घरी जाऊन परत येणे त्यांच्यापैकी अर्ध्यांना शक्य नव्हते. पोहोचवणारी मुले परत गेली होती. खाली तळघरात बायकांनी स्वयंपाकघर उघडले. कोणी गाडीतून सॉसेज आणली, कोणाकडे चीज निघाले, अध्यक्षांनी ॲप्रन बांधले. आठ वाजता पत्ते सुरू झाले, नऊला बोच्चेच्या पट्ट्यावर भांडण सुरू झाले, दहाला तीनही प्रोबिविरींना त्यासाठी तिथल्या तिथे बसवले गेले. एका आजोबांनी बहात्तर वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची हकिकत सांगितली. ती सगळ्यांना पाठ होती, आणि चुकेल तिथे सगळे मिळून दुरुस्त करीत होते. माझा संताप निवत नव्हता. मी भांडी विसळायला घेतली. साडेअकराला बायकोचा फोन आला.

“जिंकलात का?”

“सभा तहकूब आहे.”

“मग घरी या की.”

“इथे जेवणं चालली आहेत.”

“आणि तुम्ही काय करताय?”

“भांडी विसळतोय.”

ती म्हणाली, “घरी सांगितलं तर तुम्हाला ते जमत नाही, हे मी लिहून ठेवते,” आणि फोन ठेवला.

दोन वाजता तरुण मंडळी आली आणि दारातच थबकली. एवढी भरलेली सभा त्यांच्यातल्या कोणी पाहिली नव्हती. उपाध्यक्षबाईंनी आपली बाजू मांडली. विरोधात चार-पाच जण बोलले. अध्यक्ष स्वतः बोलले नाहीत. खुर्चीवरून बोलायचे नसते, आणि खुर्ची सोडायची नसते. मग जोडीदार काठीवर भार टाकून उठले. ते म्हणाले, “ही लादी मी बसवली. तिच्यातला प्रत्येक खडा मला ओळखतो. पण खाली यायला अकरा पायऱ्या, वर यायला एकोणीस. मुलगा लांब मिल्टनला राहतो, त्याने आणलं तर मी येतो. या हिवाळ्यात चारदा आलो. इमारत राहील, मी इथे नसेन. मी विकायच्या बाजूने मत देणार आहे.” आणि आमच्या शेजाऱ्यांकडे वळून, सभेत चालत नाही त्या एकेरीत, म्हणाले, “रागावू नकोस.” अध्यक्ष म्हणाले, “माननीय सभासदांनी खुर्चीला उद्देशून बोलावं.” पण ते त्यांनी इतक्या हळू म्हटले की इतिवृत्तात ते आलेले नाही.

मतदान गुप्त झाले. विक्रीच्या बाजूने सदुसष्ट, विरुद्ध अठ्ठावन्न. आकडे त्यांनी नियमाप्रमाणे दोनदा वाचले. दुसऱ्यांदाही आवाज तेवढाच ठेवला. परत येताना गाडी मी चालवत होतो आणि माझे रक्त उकळत होते. मी म्हणालो की साडेसहाला मतदान घेतले असते, बोटीवरची मैत्री विसरून जोडीदार फुटले असते तरी, आपण जिंकलो असतो, आणि एकही न्यायालय त्यात काही काढू शकले नसते. ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, “आणि दोनला ती पोरं आली असती, तेव्हा दारात उभं राहून मी त्यांना काय सांगितलं असतं?” ते कोणत्या कलमात सापडते का, हे मी अजून शोधतो आहे.

व्यवहार ऑक्टोबरात पूर्ण झाला. वकिलाच्या कचेरीत आमच्या शेजाऱ्यांनी प्रत्येक पान वाचले. दोन तास लागले, आणि ती तरुण वकीलबाई घड्याळाकडे पाहू लागली तेव्हा मी तिच्याकडे असे पाहिले की तिने ते थांबवले. वृद्धनिवासातल्या खोल्या वसंतापर्यंत मिळायच्या नव्हत्या. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, तुम्हाला वेळ असेल तर गाडीने एकदा तिकडून जाऊ या. इमारतीभोवती जाळीचे कुंपण लागले होते आणि दाराला नवे कुलूप होते. बाहेर फुटपाथवर, बसथांब्याच्या बाकावर, जोडीदार बसले होते. टोपी, काठी, कोटाच्या खिशात पत्त्यांचा जोड. मुलाने नेहमीप्रमाणे सोडले आणि तो निघून गेला होता; आज इथे काही नाही, हे त्या दोघांच्याही लक्षात राहिले नव्हते. मी गाडी कडेला घेतली. म्हणालो की त्यांना गाडीत घेऊ, घरी सोडू. आमचे शेजारी म्हणाले, “त्याचा मुलगा चारला न्यायला येतो. आल्यावर हा दिसला नाही तर घाबरेल,” आणि दार उघडून उतरले.

ते जोडीदारांच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही. थोड्या वेळाने जोडीदारांनी खिशातून पत्ते काढले, दोघांच्या मध्ये बाकावर जागा पुसली आणि वाटायला घेतले. वारा होता, पत्ते उडत होते, म्हणून प्रत्येक पान टाकल्यावर एक जण त्यावर बोट ठेवून बसायचा आणि दुसरा खेळायचा. अडीच वाजले होते. मी हीटर चालू ठेवला आणि थांबलो.